नोटीस बोर्डावरची तीन मुखपृष्ठं

मुलुंड (पूर्व), १२ जुलै २०२५

गार्गी,

वर मायना घातलेला नाही. तीन लिहून पाहिले, तिन्ही तुला आवडणार नाहीत असं वाटलं. माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस, म्हणून पोस्टाने लिहितो. मुलुंड ते कांदिवली, म्हणजे एकाच मुंबईत, पण चार दिवस धरा असं पोस्टाच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. पत्ता तुझ्या आईच्या डायरीतून उतरवून घेतला. ती दर गुरुवारी तुझ्याशी फोनवर बोलते हे मला ठाऊक नाही असा तिचा समज आहे. तो तसाच राहू दे, घरात शांतता असते.

बातमी अशी की मी कादंबरी लिहिली. हसून घे. ट्रॉम्बेला चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढली. दुसऱ्याने योजायचं आणि मी रेघा मारायच्या. निवृत्त झाल्यावर वाटलं, एकदा आपलं आपण काही काढून बघू. दोनशे चाळीस पानं झाली. नाव 'परत गेलेली वरात'. लग्नाला दोन दिवस उरलेले असताना मुलाकडचे लग्न मोडतात आणि मुलगी ते कसं सोसते, असा विषय आहे. काल्पनिक आहे. तसं पहिल्या पानावर छापायलाही सांगितलं आहे.

घाटकोपरच्या प्रांजल म्हणून एक प्रकाशक आहेत, वयाने तुझ्याएवढ्या. मला 'सर' म्हणतात आणि माझी वाक्यं कापतात. त्यांच्या चित्रकाराने तीन मुखपृष्ठं करून दिली आणि इथे माझी गाडी अडली. पहिल्यात एक नवरी आहे, मुंडावळ्या बांधलेली, मान खाली, डोळ्यांत पाणी. दुसऱ्यात मंगल कार्यालयातल्या एकावर एक रचून ठेवलेल्या खुर्च्या. तिसऱ्यात चित्रच नाही, पिवळ्या कागदावर नुसती अक्षरं. सकाळी मला पहिलं आवडतं, जेवल्यावर दुसरं, आणि तिसरं बघितलं की चित्रकाराला कंटाळा आला होता असं वाटतं. प्रांजल म्हणाल्या, सर, वाचकांना विचारा, म्हणजे पुस्तकाची हवाही होईल. आता मला कुठले वाचक? आपली सोसायटी आहे, छत्तीस फ्लॅट. त्यांनाच विचारायचं ठरवलं.

तू टूथपेस्टची आणि बिस्किटांची खोकी करतेस. दुकानात माणसाचा हात कशाकडे जातो हे तुला कळतं. म्हणून धंद्यातला सल्ला म्हणून विचारतो, बाकी काही नाही. तिन्ही चित्रं सोबत पाठवणार होतो, पण पाकीट जड होईल. नंबर लिहून कळवलास तरी चालेल.

अण्णा

*

मुलुंड, २४ जुलै

गार्गी,

उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं एक दिवस समजलो, मग स्वतःलाच हसलो.

इकडे मतदान जोरात आहे. तुला सोसायटीचा सेक्रेटरी प्रीतम आठवत असेल, बी विंगमधला. साधी गोष्ट साधेपणाने करेल तर शपथ. त्याने रीतसर परिपत्रक काढलं, जावक क्रमांकासकट. एक फ्लॅट एक मत. नोटीस बोर्डाच्या काचेआड तिन्ही चित्रं लावली आणि खाली वॉचमनच्या टेबलावर वही ठेवली. रकाने मी आखून दिले: फ्लॅट क्रमांक, मुखपृष्ठ क्रमांक, शेरा. लगेच वाद सुरू झाले. भाडेकरूंना मत आहे का? नवऱ्याला खुर्च्या आणि बायकोला नवरी आवडली तर काय करायचं? ए विंगमधल्या डॉक्टरांच्या घरी त्यावरून दोन दिवस अबोला होता म्हणे. पाण्याच्या टाकीच्या मीटिंगला पाच माणसं येतात, आणि इथे वहीपाशी रांग.

आकडे असे आहेत: पहिल्याला एकोणीस, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला दोन. अकरा फ्लॅट बाकी. मला आनंद व्हायला हवा, स्पष्ट कौल आहे. पण शेऱ्याचा रकाना वाचून माझा गोंधळ वाढला आहे. मला वाटलं होतं लोक रंगाबद्दल लिहितील, अक्षरं वाचता येतात का ते लिहितील. त्यांनी काय लिहिलं आहे ते उतरवतो. 'बिचारी.' 'पोर गुणी होती हो.' 'मुलाकडच्यांना देव बघून घेईल.' 'गार्गी कशी आहे आता? सावरली का?' कादंबरी अजून कुणी वाचलेली नाही, आणि सगळ्यांना शेवटपर्यंत ठाऊक आहे.

प्रीतमची आई तर बोर्डासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, अण्णा, चेहरा अगदी आपल्या गार्गीसारखा वाटतो. मी म्हटलं, योगायोग. सगळ्या नवऱ्या सारख्याच दिसतात.

तुझं लग्न मोडलं त्याला डिसेंबरात चार वर्षं होतील. मला वाटलं होतं लोक विसरले असतील. ते एक शब्दही विसरलेले नाहीत. माझेच शब्द आहेत, त्यामुळे ओळखू आले.

तुझ्या आईने मत दिलेलं नाही. विचारलं तर म्हणाली, आपल्या फ्लॅटचं मत तुम्हीच द्या, तुम्हाला सवय आहे.

अण्णा

*

मुलुंड, २ ऑगस्ट

गार्गी,

परवाच्या गुरुवारी फोन झाल्यावर तुझी आई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. चोरून बोलण्याचं नाटकही तिने केलं नाही. म्हणाली, कुणीतरी बोर्डाचा फोटो काढून गार्गीला पाठवलाय, ती विचारते आहे, माझा चेहरा तिथे कसा. मी आधी योगायोग म्हणालो. ती नुसती उभी राहिली. एकतीस वर्षांच्या संसारात तिचं हे उभं राहणं मी ओळखतो.

योगायोग नाही. फोटो मी दिला. चित्रकाराने प्रांजलकडून निरोप पाठवला होता की नवरीसाठी एखादा चेहरा असला तर बरं. माझ्याकडे तुझ्या केळवणाचे फोटो होते. त्यातला एक दिला, तू मान खाली घातलेला. तू ताटातली अळूवडी नेहमीसारखी उलगडून बघत होतीस, म्हणून मान खाली होती. मुंडावळ्या आणि डोळ्यांतलं पाणी चित्रकाराने घातलं. मी ते बघितलं आणि 'छान' म्हणालो. तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण लिहितो, कारण आता लपवण्यासारखं काय राहिलं.

चित्र काल काढून घेणार होतो. प्रीतम म्हणाला, अण्णा, मतदान चालू असताना उमेदवार काढता येत नाही. त्याला गंमत वाटत होती. मी भांडायला हवं होतं, पण भांडलो असतो तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून गप्प बसलो.

आणि आज सकाळी सोनूबाईंनी माझी पुरती वाट लावली. एकवीस वर्षं आपल्याकडे पोळ्या करतात, पण असं कधी बोलल्या नव्हत्या. खाली बोर्डासमोर पिशवी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, माझां मत नाय काय? प्रीतमचा नियम एका फ्लॅटला एक असा. पण आमच्या फ्लॅटचं मत शिल्लक होतं आणि लेखकाने स्वतः मत देऊ नये, म्हणून मी म्हटलं, आमच्या वतीने तुम्ही द्या. त्यांना वाचता येत नाही, पण चित्रं बघायला वाचता कशाला यायला हवं. त्यांनी तिन्ही नीट पाहिली आणि पहिल्यावर बोट ठेवलं. मला वाटलं, त्यांचंही मत नवरीलाच.

"ह्यां तोंड तर आमच्या बायचां," त्या म्हणाल्या. "पण ही रडता कित्याक?"

मी म्हटलं, कादंबरीतली मुलगी आहे, तिचं लग्न मोडतं, म्हणून रडते.

"बाय खंय रडली? त्या दिवशी माझ्याकडसून दोन चपाती मागून खाल्ल्यान आणि शांत निजली. रडलास तुमी. न्हाणीघरात, नळ सोडून. माका आयकाक येत होतां."

मग त्यांनी मत दिलं नाही. ह्यातला एकही नको म्हणाल्या आणि वर पोळ्या करायला निघून गेल्या. मी वॉचमनच्या खुर्चीवर बसलो. वॉचमनने विचारलं, साहेब, पाणी आणू का?

गार्गी, मी त्या दिवशी न्हाणीघरात होतो हे खरं आहे. नळ सोडला होता हेही खरं. कुणाला ऐकू गेलं असेल असं मला आजवर वाटलं नव्हतं. आता त्या चित्राकडे बघितलं की कळत नाही, तो चेहरा तुझा आणि रडणं माझं, अशी नवरी मी छत्तीस घरांना का दाखवतो आहे.

अण्णा

*

मुलुंड, ८ ऑगस्ट

गार्गी,

हे पत्र दोनदा फाडलं. ड्रॉइंग ऑफिसात आम्ही काही फाडत नसू. चुकलेल्या नकाशावर 'रद्द' असा शिक्का मारायचा, सही करायची, तारीख घालायची आणि तो जपून ठेवायचा. चूक कोणी केली, कधी केली, हे पुढच्या माणसाला दिसायला हवं. मी लोकांना हे शिकवत असे.

तर चूक अशी. तू माझ्यासमोर बसून सांगितलंस की मला हे लग्न करायचं नाही. तू सांगितलंस, शौनकने नाही. शौनकला तू आधीच सांगितलं होतंस आणि तो मुकाट्याने घरी गेला होता. मी तुला काय म्हणालो ते मला आठवत नाही. पाहुण्यांची यादी घेऊन फोनपाशी बसलो ते आठवतं. पहिला फोन तुझ्या आत्याला. तिने विचारलं, का रे, काय झालं? आणि माझ्या तोंडून निघालं, मुलाकडच्यांनी मोडलं. ठरवलं नव्हतं, पण तिला एवढं वाईट वाटलं, तुझ्यासाठी एवढी हळहळली, की पुढच्या फोनला मी तेच म्हणालो. मग तेच म्हणत गेलो. तीनशेच्या वर नावं होती. संध्याकाळपर्यंत माझाच त्यावर विश्वास बसला होता.

लोकांनी तुझ्याबद्दल बोलू नये म्हणून केलं, असं मी तुला तेव्हा सांगितलं. आठवड्याने डॉक्टरीणबाई तुझं सांत्वन करायला आल्या तेव्हा तुला ते कळलं, आणि तू मला विचारलंस, आणि मी म्हणालो तुझ्या भल्यासाठी. तू बॅग भरलीस. तुझ्या भल्यासाठी नव्हतं, गार्गी. मुलगी नाही म्हणाली असं सांगितलं तर लोक बापाला विचारतात, तुमचं ऐकत नाही का? मुलाने मोडलं म्हटलं की बापाच्या खांद्यावर हात ठेवतात. मला तो हात हवा होता.

आता सगळ्यात अवघड. प्रांजलनी मागे विचारलं होतं, सर, मुलाकडचे लग्न का मोडतात ते पटत नाही, काहीतरी कारण द्या ना. मी सात कारणं लिहून पाहिली, त्यांना एकही पटलं नाही. परवा रात्रीचं जेवण झाल्यावर मी तुझ्या आईला विचारलं, गार्गीने त्या दिवशी कारण काय सांगितलं होतं? ती म्हणाली, तुम्ही तिथेच होतात की. मी तिथे होतो. तू बराच वेळ बोलत होतीस. तुझे हात आठवतात, तू सोफ्याच्या कव्हरचा दोरा ओढत होतीस. शब्द एकही आठवत नाही. मी ऐकलंच नाही. मी मनात फोनची यादी लावत होतो.

दोनशे चाळीस पानं लिहिली, त्याच्या मध्यभागी जे असायला हवं ते मला माहीतच नाही. आणि मी मुखपृष्ठ कोणतं यावर डोकं फोडत होतो.

आईला म्हटलं, सांग. ती म्हणाली, मी का सांगू? तिला विचारा.

अण्णा

*

मुलुंड, १७ ऑगस्ट

गार्गी,

निकाल पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर जाहीर करायचं प्रीतमने ठरवलं होतं. तेव्हा सगळे खाली असतात, समोसे असतात. त्याने माइकवर आकडे वाचले. पहिल्याला अठ्ठावीस, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला दोन, एक फ्लॅट तटस्थ. टाळ्या वाजल्या. मग माइक माझ्या हातात दिला, लेखकाने दोन शब्द बोलावेत म्हणून.

मी लिहून नेलं होतं, पण कागद काढलाच नाही. मी म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी मनापासून मतं दिलीत. पण चुकीच्या माहितीवर दिलीत आणि ती माहिती माझी होती. चार वर्षांपूर्वी मी तुम्हाला फोन करून सांगितलं की मुलाकडच्यांनी लग्न मोडलं. ते खोटं होतं. शौनकने आणि त्याच्या घरच्यांनी काही केलं नव्हतं. आणि बोर्डावरच्या चित्रातला चेहरा माझ्या मुलीचा आहे. तिला न विचारता मी तो दिला.

मग डॉक्टर म्हणाले, "म्हणजे गार्गीने मोडलं?"

मी म्हटलं, "ते मी सांगणार नाही. तिच्या वतीने मी एकदा बोललो आहे, तेवढं पुरे."

प्रीतमने माइक घेतला आणि पार्किंगबद्दलची सूचना वाचली. नंतर त्यानेच काचेचं कुलूप उघडून दिलं, मी पहिलं चित्र काढलं. 'अण्णा, कशाला एवढं सगळं माइकवर' असं काहीतरी पुटपुटला, पण त्या रागात मायाही होती. डॉक्टर अजून माझ्याकडे बघत नाहीत. डॉक्टरीणबाई मात्र काल जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, मी त्या पोरीसमोर येऊन रडले होते हो, तिला काय वाटलं असेल.

झेंडावंदनाच्या दिवशीच दुपारी बोरिवलीला शौनकच्या घरी गेलो. त्याचे वडील दारात आले, मला ओळखलं, आत या म्हणाले. मला जिथे बसवलं तिथे बसून सगळं सांगितलं. त्यांना ते माहीतच होतं. पहिल्या आठवड्यात त्यांच्या कानावर गेलं होतं. शौनकने घरच्यांना बजावलं होतं, खुलासा करू नका, उगाच गार्गीला त्रास होईल. त्याची आई आतून बाहेर आली नाही. निघताना वडील म्हणाले, "तुम्ही आलात हे बरं केलंत. पण हिला थोडा वेळ लागेल." मी बरं म्हणालो.

मला बरं वाटतंय का? खरं सांगू, माहीत नाही. हलकं वाटेल असं लोक म्हणतात. मला तर जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं होतंय. माइकवर बोललो तेही तुला न विचारताच बोललो, हे घरी आल्यावर सुचलं. माझं मी निस्तरत होतो, पण नाव तुझं निघालंच. त्याबद्दल तुला राग आला तर तो रास्त आहे.

प्रांजलना फोन करून पहिलं मुखपृष्ठ रद्द म्हणून कळवलं. त्या म्हणाल्या, मग दोन की तीन, सर? मी म्हटलं, पुस्तकच चुकलंय हो. त्या म्हणाल्या, मला मधला भाग खोटा वाटत होताच. आमच्या पिढीला अशी फटकळ माणसं भेटायला हवी होती असं लिहिणार होतो, पण मला तू भेटली होतीस की.

येत्या गुरुवारी आई फोन करणार नाही, स्वतः कांदिवलीला येणार आहे. तिच्या पिशवीत ही दोनशे चाळीस पानं देतो आहे. वाचायचीच असं नाही. वाचलीस तर मधे मधे तुला राग येईल. तेराव्या प्रकरणात मुलगी बापाच्या गळ्यात पडून रडते. ते प्रकरण लिहिताना मला फार सुख झालं होतं, हे कबूल करतो.

तुझं कारण तुला सांगावंसं वाटलं तर मी येईन, तू म्हणशील तिथे, आणि या वेळी तोंड बंद ठेवून ऐकेन. नाही वाटलं तर नाही. ते कारण घेऊन मी कादंबरी दुरुस्त करीन म्हणून विचारत नाही. मला ते त्या दिवशीच ऐकायला हवं होतं म्हणून विचारतो.

आणि पुस्तक छापायचं की नाही हे छत्तीस फ्लॅट ठरवणार नाहीत, प्रांजल ठरवणार नाहीत, मीही नाही. तू ठरव. तू नको म्हणालीस तर प्रांजल का म्हणून विचारतील, प्रीतम विचारेल, तुझी आत्या तर नक्की फोन करेल. माझी तब्येत, चित्रकाराची चूक, कागदाची टंचाई, यातलं काही मी सांगणार नाही. मी सांगेन, गार्गी नाही म्हणाली.

अण्णा